सरासरी पंधरा, कॅप्टन मात्र नाही

बॉलर खरंच भारी की नुसताच गाजलेला, हे तुम्ही कसं ठरवता? जळगावचं सागर पार्क असो की धुळ्याचं गरुड मैदान, मॅच संपली की आपण विकेट मोजतो आणि मोकळे होतो. पण त्या विकेट किती रन देऊन घेतल्या? दिलेल्या रनना विकेटनी भागा, आली सरासरी. जितकी कमी, तितकं चांगलं.

ही फूटपट्टी बाळू पालवणकरांना लावून बघा. चर्मकार घरातला मुलगा, जन्म धारवाडचा. पुण्यात पिच झाडण्या-लोळण्याची नोकरी, पगार महिना तीन-चार रुपये. इंग्रज साहेबांना नेटमध्ये तासन् तास बॉलिंग करायची. बॅट मात्र हातात मिळायची नाही. त्यांची डावखुरी स्पिन तिथेच घोटली गेली. पुढे हिंदू टीमनं त्यांना घेतलं. बॉल सगळ्यांनी एकच हाताळला, पण चहा? तो बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ मॅचपैकी १५ हरला. बाळूंच्या विकेट ११४! त्यातल्या ७५ फर्स्ट क्लास, सरासरी साधारण २०. आता जरा डोकं चालवा. हरणाऱ्या टीमला समोरच्यांचा दुसरा डाव बऱ्याचदा मिळतच नाही, म्हणजे विकेट घ्यायची संधीच कमी. तरी एवढ्या काढल्या.

पूर्ण कारकीर्द बघाल तर ३३ फर्स्ट क्लास मॅच, १७९ विकेट, सरासरी १५.२१. हा आकडा आजच्या बॉलरशेजारी ठेवून भांडू नका बरं का. तेव्हा पिच झाकत नसत, पाऊस पडला की बॉलरची चंगळ. तुलना करायची तर त्याच काळातल्या, तसल्याच पिचवर खेळलेल्या बॉलरशी करा.

आणि सरासरीत न मावणारी गोष्ट म्हणजे कॅप्टनशिप. एवढा मोठा मॅचविनर, पण दरवर्षी हिंदू टीमचा कॅप्टन दुसराच कुणी. जात आडवी आली, दुसरं काय! १९२० मध्ये धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून टीममधून नाव काढून घेतलं. मग कुठे बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले. तोवर बाळूंचं खेळणं संपलं होतं.