नामदार गोखले

नेवासे तालुक्यातील सोनई हे अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, एक मोठे गाव. आज त्या भागात मुळेच्या कालव्याचे पाणी खेळते व उसाचे मळे दिसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तो सारा मुलूख आकाशाकडे डोळे लावून बसलेला असे. पाऊस आला तर ज्वारी-बाजरी, न आला तर दुष्काळ, असा तेथील शेतकऱ्याचा संसार होता. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी तर त्याचे कंबरडेच मोडले. गुरे गेली, कणगीतील दाणा संपला. परंतु सरकारचा सारा आणि मिठावरील कर यांचा भार काही उतरला नाही.

हे कर बसविणारे सरकार शेकडो कोस दूर कलकत्त्यास होते. उन्हाळ्यात ते सिमल्याच्या थंड डोंगरावर जाऊन बसे. दख्खनच्या कोरड्या शिवारातील दुःख त्या सरकारच्या कानी कोणी घालावे? हे काम ज्यांनी 1902 पासून अखेरच्या श्वासापर्यंत निष्ठेने केले, ते थोर पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांचे मोल गोपाळरावांनी जन्मभर ओळखले. एक पैसाही व्यर्थ न घालविता त्यांनी अभ्यास केला आणि 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. गरिबाच्या घरी एकेका आण्याची किंमत काय असते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मोठ्या पगाराची नोकरी मिळविणे त्यांना कठीण नव्हते. परंतु ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर प्राध्यापकाचे काम करू लागले. याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे गुरू लाभले. रानडे यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचण्यास, आकडे पारखून घेण्यास आणि आधार असल्यावाचून एक शब्दही न लिहिण्यास शिकविले.

या शिकवणीचे महत्त्व त्यांना एका कटू प्रसंगाने अधिकच पटले. 1897 साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना तेथे मिळाली. ती खरी मानून त्यांनी त्या गोष्टी इंग्लंडात जाहीर केल्या. परत आल्यावर मात्र त्यांना पुरावा देता येईना. तेव्हा त्यांनी उघडपणे क्षमा मागितली. त्याबद्दल स्वदेशीयांनीच त्यांची फार निर्भर्त्सना केली. गोपाळरावांनी ती मुकाट्याने सोसली. पुढे त्यांचे प्रत्येक विधान आकड्यांच्या भक्कम पायावर उभे असे.

1899 साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. 1901 साली सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. साऱ्याच्या बाकीपायी सरकारजमा झालेल्या जमिनी शेतकऱ्यास परत देताना, त्या विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा त्याचा हक्क काढून घ्यावा, असा त्यातील हेतू होता. शेतकऱ्याचे सावकारापासून रक्षण व्हावे म्हणून हे करीत आहोत, असे सरकारचे म्हणणे होते. परंतु दुष्काळाने बेजार झालेल्या कुणब्याची उरलीसुरली पतही याने नाहीशी होईल, हे गोपाळरावांनी दाखवून दिले. बिल पुढे ढकलण्याची सूचना बहुमताने फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर ते सभागृह सोडून बाहेर पडले. शांत स्वभावाच्या या प्राध्यापकाने उचललेले ते पाऊल पाहून अनेकांस आश्चर्य वाटले.

त्यानंतर लवकरच ते व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेथे सरकारी सभासदांचे बहुमत असे. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना नव्हता; त्यांनी वर्षातून एकदा भाषण करावे, इतकेच. 26 मार्च 1902 रोजी गोपाळरावांनी तेथे आपले पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. सरकारी तिजोरीतील शिल्लक पाहून अधिकारी संतुष्ट होते. गोपाळरावांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले, की लोक उपाशी असता तिजोरीत पैसा उरतो, तो संपन्नतेचे लक्षण नसून कर अधिक असल्याचे लक्षण आहे. सभागृह स्तब्ध झाले.

मिठाचा कर हा त्यांच्या विशेष चिंतेचा विषय होता. मीठ राजालाही लागते आणि मजुरालाही लागते. पण त्याचा भार मजुरालाच जाणवतो. त्या वेळी मणामागे अडीच रुपये कर होता. गोपाळराव दरवर्षी तोच प्रश्न नव्या आकड्यांनिशी पुढे मांडीत. 1903 साली कर दोन रुपये झाला, 1905 साली दीड रुपया झाला आणि 1907 साली एक रुपयावर आला. ज्यांनी कलकत्ता कधी पाहिले नाही, अशा लाखो घरांच्या भाकरीवरील भार त्यामुळे हलका झाला.

दूरच्या बांधवांचाही त्यांना विसर पडला नाही. दक्षिण आफ्रिकेत नाताळ येथे करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या हिंदी लोकांचे हाल त्यांनी 1910 साली कौन्सिलापुढे मांडले. त्यांचा ठराव मान्य झाला आणि 1911 साली नाताळला मजूर पाठविणे बंद झाले. 1912 साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत.

परंतु ज्या कार्यावर त्यांचा सर्वांत अधिक जीव होता, त्यात त्यांना यश आले नाही. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना असावा, खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने सोसावा आणि महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ती असणाऱ्या पालकांकडून फी घेऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. सरकारने विरोध केला. कित्येक जमीनदारांनीही केला. 1912 च्या मार्चमध्ये अडतीस विरुद्ध तेरा मतांनी ते बिल फेटाळले गेले. बिल पडणार हे गोपाळरावांस आधीच ठाऊक होते. तरीही त्यांनी ते मांडले. कारण आज पडलेले बीज उद्या रुजते, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांची वाट सोपी नव्हती. सरकारला ते अडचणीचे वाटत आणि जहाल पक्षाला ते मवाळ वाटत. लोकमान्य टिळकांशी त्यांचे तीव्र मतभेद होते. तथापि देशसेवेसाठी आयुष्य वाहणारी माणसे तयार व्हावीत म्हणून त्यांनी 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सरकारने देऊ केलेली 'सर' ही पदवी त्यांनी नम्रपणे नाकारली. मधुमेहाने शरीर पोखरले असतानाही लांबचे प्रवास व रात्रीचा अभ्यास चालूच होता. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अंत्यविधीस लोकमान्य टिळक उपस्थित राहिले व त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्यास आदरांजली वाहिली.

पुढे 1918 साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आणि 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला. सोनईच्या शाळेत आज सकाळी जी घंटा वाजते, तिच्यामागे त्या तेरा मतांचाही वाटा आहे.