क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरील शिल्पकार



मोगलीचे नाव घेतले की रड्यार्ड किपलिंग आठवतो. त्याचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग मात्र मागे राहिले. मला स्वतःला मुलापेक्षा वडिलांचे आयुष्य अधिक विचार करायला लावणारे वाटते.

लॉकवूड यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. भांड्यांच्या कारखान्यात त्यांचा हात तयार झाला. १८६५ साली ते पत्नी ॲलिससह मुंबईला आले व सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवू लागले. रड्यार्डचा जन्म त्याच वर्षीचा. क्रॉफर्ड मार्केटच्या (आजची महात्मा फुले मंडई) प्रवेशद्वारावर लॉकवूड यांनी राबणारी साधी माणसे कोरली. सी.एस.एम.टी.ला उतरून खरेदीला जाल तेव्हा मान वर करून जरूर पाहा!

१८७० साली सरकारने त्यांना उत्तर हिंदुस्थानातील कारागिरांची चित्रे काढण्यास पाठवले. विणकर, कुंभार, लाकडावर नक्षी करणारा, आपल्या खानदेशाला चांगला ठाऊक असलेला पिंजारी, अशांचे काम जवळून पाहत त्यांनी चित्रे काढली. शिकवायला आलेले मास्तर येथे स्वतःच शिकू लागले. विलायती गिरण्यांच्या स्वस्त मालाने याच कारागिरांचे हात रिकामे होत होते, आणि लॉकवूड यांचा पगार तर विलायती सरकारचाच! हा पेच त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही.

१८७१ मध्ये त्यांनी पाच वर्षांचा रड्यार्ड व तीन वर्षांची मुलगी यांना इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवले. रड्यार्डने तिथे फार सोसले. तेव्हाच्या गोऱ्या कुटुंबांची ती रीतच होती, तरीही इतरांच्या मुलांना घडवणाऱ्या शिक्षकाचा हा निर्णय मला पटत नाही. पुढे बापलेक जवळ आले. मुलाच्या ‘किम’ कादंबरीसाठी वडिलांनी मातीची उठावचित्रे केली, आणि तिच्यातील संग्रहालयाचे प्रेमळ प्रमुख म्हणजे लॉकवूडच.

कारण १८७५ पासून ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य होते व तेथील संग्रहालयही सांभाळत. विद्यार्थ्यांनी विलायती नमुने गिरवण्यापेक्षा आपल्याच भूमीतील कला आधी पाहावी, हा त्यांचा आग्रह. सुतारकामाच्या घराण्यातील त्यांचे शिष्य भाई रामसिंग यांनी व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न येथील निवासस्थानाचे दरबार दालन सजवले.

१८९३ साली लॉकवूड निवृत्त झाले. जानेवारी १९११ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईतील त्यांच्या जे. जे. मध्ये पुढे आणखी एका सुताराचा मुलगा शिकला व त्याने मेयो पदक मिळवले. ते आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार.