रोमचे प्रेषित संत फिलिप नेरी व त्यांचा उन्हाळ्यांतील मेळा

मे महिन्याच्या अखेरीस, ज्या दिवसांत आपल्या कोंकणपट्टींत विहिरींचें पाणी तळाला जातें, शाळा बंद असल्यामुळें मुलें आंबराईंत व ओसरीवर दिवस काढतात आणि सर्वांचे डोळे पश्चिमेकडील ढगांकडे लागलेले असतात, त्या दिवसांत, म्हणजे २६ मे रोजीं, पवित्रसभा संत फिलिप नेरी ह्यांचा सण पाळते. धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत त्यांचें चरित्र देण्याचें प्रयोजन एवढेंच कीं, ज्युबिलीचें वर्ष कसें पाळावें आणि उन्हाळ्याचे मोकळे दिवस देवाच्या व शेजाऱ्याच्या सेवेंत कसे घालवावे, हे दोन्ही धडे ह्या एकाच पुरुषाच्या आयुष्यांत सांपडतात.

फिलिप ह्यांचा जन्म इटली देशांतील फ्लॉरेन्स नगरांत ता. २१ जुलै १५१५ रोजीं झाला. वडील फ्रांचेस्को नेरी हे दस्तऐवज लिहिण्याचा धंदा करीत. घराणें कुलीन, परंतु संपत्ति बेताची. आई लुक्रेत्सिया त्यांच्या बालपणींच वारली. सावत्र आईनें मात्र ह्या गोड स्वभावाच्या मुलावर सख्ख्या आईप्रमाणें माया केली. त्यांचा स्वभाव इतका निर्मळ व आनंदी होता कीं, शेजारीपाजारी त्यांस भला पिप्पो ह्या लाडक्या नांवानें ओळखीत. सान मार्को येथील डॉमिनिकन मठांत त्यांच्या मनावर धर्माचे पहिले संस्कार घडले, आणि तें ऋण त्यांनीं म्हातारपणींहि मोकळ्या मनानें मान्य केलें.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनीं त्यांस मोन्ते कासिनो पर्वताच्या पायथ्याशीं राहणाऱ्या एका श्रीमंत व्यापारी नातलगाकडे पाठविलें. त्या गृहस्थास मूलबाळ नव्हतें, व आपली सर्व मालमत्ता ह्या तरुणास द्यावी अशी त्याची इच्छा होती. परंतु फिलिप ह्यांचें मन नफ्यातोट्याच्या हिशेबांत रमेना. हातीं येऊं घातलेल्या वारशावर पाणी सोडून ते रिकाम्या हातांनीं रोमची वाट चालूं लागले. ज्यानें ईश्वरास वतन म्हणून निवडलें, त्यास दुसऱ्या वतनाची गरज ती काय ?

त्या काळचें रोम हें दुखणाईत शहर होतें. १५२७ सालीं बादशाही फौजेनें तें लुटून उध्वस्त केलें होतें. धर्मश्रद्धा मंदावली होती, धर्माधिकाऱ्यांतहि ऐषआराम शिरला होता, आणि तरुण मंडळी दुकानांच्या ओट्यांवर व चव्हाट्यांवर वेळ दवडीत असे. फिलिप ह्यांनीं गालेओत्तो काच्चा नामक एका फ्लॉरेन्सकराच्या घरीं आश्रय घेतला व त्याच्या दोन मुलांस शिकविण्याचें काम पत्करलें. मोबदल्यांत त्यांस एक लहानशी खोली व पोटापुरतें धान्य मिळे. कांहीं वर्षें त्यांनीं तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या ह्यांचा अभ्यास केला. मग पुस्तकें विकून आलेला पैसा गोरगरिबांस वांटून टाकला. दिवसा ते रुग्णालयांत जाऊन रोग्यांची सेवा करीत, आणि रात्रीं संत सेबास्तियन ह्यांच्या मंदिराखालील भुयारांत, आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांच्या थडग्यांपाशीं, एकटेच प्रार्थना करीत. १५४४ सालच्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास तेथेंच त्यांच्या हृदयांत दिव्य अग्नीचा संचार झाला असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हांपासून त्यांच्या छातींत अशी उष्णता व धडधड राही कीं, कडक थंडींतहि ते अंगरख्याचे बंद मोकळे सोडीत. मरणोत्तर तपासणींत त्यांच्या छातीच्या दोन फासळ्या तुटून बाहेर आलेल्या आढळल्या.

ह्या अग्नीचा उपयोग त्यांनीं स्वतःपुरता केला नाहीं. १५४८ सालीं आपले पापनिवेदनगुरु पेर्सियानो रोझा ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं पवित्र त्रैक्याचा बंधुसंघ स्थापन केला. दोनच वर्षांनीं, १५५० सालीं, ज्युबिलीचें पवित्र वर्ष उजाडलें. देशोदेशींचे यात्रेकरू पायीं चालत रोमला येऊं लागले. पुष्कळांस ना ओळख, ना आसरा. पाय फोडांनीं भरलेले, अंगावरचे कपडे धुळीनें माखलेले. बंधुसंघाच्या सभासदांनीं त्यांस आपल्या घरांत उतरवून घेतलें, त्यांचे पाय धुतले, त्यांस जेवूं घातलें, निजावयास अंथरुणें दिलीं. ज्युबिली संपल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, रुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्या गरिबांस रोग गेला तरी कामधंदा करण्याचें बळ आलेलें नसतें. ते रस्त्यावर पडून पुन्हां आजारी होतात. म्हणून अशा अशक्त माणसांस अंगांत शक्ति येईपर्यंत ठेवून घेण्याचें कामहि संघानें हातीं घेतलें. पुढें १५७५ सालच्या ज्युबिलींत ह्याच संघानें लाखाहून अधिक यात्रेकरूंचा पाहुणचार केला. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हें कार्य सुरू झालें तेव्हां फिलिप हे धर्मगुरु नव्हते. आपल्यासारखेच प्रापंचिकांत वावरणारे एक साधे भाविक होते.

पापनिवेदनगुरूंच्या आज्ञेवरून त्यांनीं ता. २३ मे १५५१ रोजीं धर्मगुरुदीक्षा घेतली. त्या वेळीं त्यांचें वय पस्तीस वर्षांचें होतें. सान जिरोलामो येथील मंदिरालगतच्या खोलींत ते राहूं लागले. पापनिवेदन ऐकणें हें त्यांचें मुख्य कार्य झालें. पहांटेपासून दारीं माणसांची रीघ लागे, आणि आलेल्यास परत पाठविणें त्यांस ठाऊकच नव्हतें. दुपारीं कांहीं तरुण त्यांच्या खोलींत जमत. कोणी बिछान्यावर, कोणी जमिनीवर बसून धर्माच्या गोष्टी करी. खोली अपुरी पडूं लागली, तेव्हां मंदिरावरील माळा नीट करून तेथें प्रार्थनामंदिर करण्यांत आलें. ओरेटरी हें जगप्रसिद्ध नांव ह्या माळ्यावरून पडलें. तेथें ग्रंथ वाचला जाई, त्यावर मोकळें संभाषण चाले, साध्या भाषेंत छोटीं प्रवचनें होत, आणि शेवटीं भजन गाइलें जाई. संत पेत्राच्या मंदिरांतील गायनाचार्य जिओव्हान्नी आनिमुच्चा ह्यांनीं ह्या मेळ्यासाठीं भक्तिगीतें रचलीं. पाश्चात्य संगीतांतील ओरेटोरिओ ह्या प्रकारास ह्याच स्थळाचें नांव मिळालें आहे.

ह्याच सुमारास, १५५७ च्या आसपास, हिंदुस्थानांतून आलेलीं संत फ्रान्सिस झेवियर व इतर मिशनरी ह्यांचीं पत्रें ह्या मंडळींत वाचलीं जात. तीं ऐकून फिलिप व त्यांचे सुमारें वीस सोबती ह्यांच्या मनानें घेतलें कीं, आपणहि हिंदुस्थानांत जावें आणि वेळ पडल्यास प्रभूसाठीं रक्त सांडावें. फिलिप ह्यांनीं त्रे फोन्ताने येथील एका पुण्यशील सिस्तेर्सियन संन्याशाचा सल्ला घेतला. त्यानें कांहीं दिवस प्रार्थना करून असें उत्तर दिलें कीं, रोम हाच तुमचा हिंदुस्थान समजा. फिलिप ह्यांनीं तें निमूटपणें मान्य केलें व नंतर मरेपर्यंत रोम सोडलें नाहीं. दूरच्या देशाची ओढ सोडून दारांतल्या शेजाऱ्याकडे वळणें ह्यास कमी धैर्य लागतें असें कोण म्हणेल ?

आतां उन्हाळ्याकडे वळूं. रोमचा उन्हाळा कडक असतो. बंद माळ्यावर गर्दींत बसणें नकोसें होई, आणि तरुणांचीं पावलें अशा दिवसांत जुगाराच्या व नाचगाण्याच्या अड्ड्यांकडे सहज वळत. फिलिप ह्यांनीं त्यांस दटावून कोंडून ठेवलें नाहीं. त्यांनीं प्रार्थनामंदिरच उचलून मोकळ्या हवेंत नेलें. ईस्टर सणानंतर ऋतु निवळला कीं, सणवारीं तिसऱ्या प्रहरीं ते सर्वांस घेऊन जानिक्युलम टेकडीवर सान ओनोफ्रिओ मठाजवळ जात. तेथून सारें शहर खालीं पसरलेलें दिसे. जवळच एक मोठा ओक वृक्ष होता. कवि तोर्क्वातो तास्सो आपल्या अखेरच्या दिवसांत त्याच्या सावलींत बसत असे. १८४३ सालीं वीज पडून तें झाड मोडलें, तरी त्याचें खोड राखून ठेवण्यांत आलें.

ह्या टेकडीवर गवतांत बसून भजन होई. मग एखादा लहान मुलगा पाठ केलेलें छोटें प्रवचन म्हणून दाखवी, त्यावर मोठी माणसेंहि थक्क होत. नंतर एकदोघे थोडक्यांत बोलत, आणि पुन्हां गायन होई. मुलें खेळत, धांवत, आरडाओरड करीत. फिलिप स्वतः त्यांच्याबरोबर खेळावयास सुरुवात करून देत, आणि खेळ रंगांत आला म्हणजे हळूच बाजूला होऊन ध्यानांत मग्न होत. मुलांचा गोंगाट आपणांस कसा सोसवतो असें कोणी विचारल्यास, तीं पाप करीत नसतील तर माझ्या पाठीवर लांकडें फोडलीं तरी चालेल, अशा अर्थाचें उत्तर ते देत. त्यांच्या मतें खिन्नता ही भक्तीची खूण नव्हे. आनंदी मन सन्मार्गास लवकर लागतें व तेथें टिकतें.

परंतु हा मेळा केवळ करमणुकीसाठीं नव्हता. टेकडीवर गाणारे तरुणच दुसऱ्या दिवशीं सान्तो स्पिरितो, लातेरान व कोन्सोलात्सियोने ह्या रुग्णालयांत जाऊन रोग्यांचीं अंथरुणें झाडीत, त्यांस भरवीत, मरणोन्मुखांजवळ बसत. सरदारांचे मुलगेहि ह्यांतून सुटत नसत. महापंडित चेझारे बारोनियो ह्यांस फिलिप ह्यांनीं रोग्यांच्या सेवेस व स्वयंपाकघरांत चुलीपुढें सारखेंच बसविलें. ह्याच बारोनियो ह्यांनीं पुढें पवित्रसभेच्या इतिहासाचे बारा खंड लिहिले व ते कार्डिनल झाले. रुग्णसेवेस सर्वस्व वाहिलेले संत कामिल्लो दे लेल्लिस हेहि फिलिप ह्यांच्याकडेच पापनिवेदनास येत.

उपवासकाळापूर्वींचे कार्निव्हालचे दिवस, ज्यांस गोमंतकांत इंत्रूज म्हणतात, रोममध्यें मोठ्या धिंगाण्यानें पाळले जात. त्या दिवसांत फिलिप ह्यांनीं सात मंदिरांची यात्रा सुरू केली. संत पेत्र व संत पौल ह्यांच्या मंदिरांपासून पवित्र मरियेच्या महामंदिरापर्यंत गात, प्रार्थना करीत मंडळी चाले. वाटेंत एका बागेंत सर्व पंगतीनें बसत. भाकरी, अंडीं, चीज, फळें व थोडा द्राक्षरस असा साधा फराळ होई. पंगतींत धनी व मजूर असा भेद नसे. आरंभीं मोजकीच असलेली ही मंडळी पुढें हजारोंनीं येऊं लागली.

एवढी गर्दी एका साध्या धर्मगुरूच्या मागें चालते, हें पाहून संशय उत्पन्न झाला. १५५९ सालीं, पोप चौथे पौल ह्यांच्या कारकीर्दींत, रोमच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांनीं फिलिप ह्यांस बोलावून नवा पंथ काढण्याचा व मानाच्या हव्यासाचा आरोप केला. पंधरा दिवस त्यांस पापनिवेदन ऐकण्याची मनाई झाली, आणि यात्राहि बंद करण्यांत आल्या. शिष्य संतापले, परंतु फिलिप ह्यांनीं वरिष्ठांविरुद्ध एक शब्दहि निघूं दिला नाहीं. पाठीमागें येऊं नका असें त्यांनीं सर्वांस विनविलें, प्रार्थना केली, वाट पाहिली. पुढें चौकशींत ते निर्दोष ठरले, व मेळा पहिल्यापेक्षां मोठा झाला. पुढच्या एका पोपमहोदयांच्या वेळींहि प्रवचनांची तपासणी झाली, तींतहि कांहीं गैर आढळलें नाहीं. जें कार्य देवाचें असतें तें आज्ञापालनानें बुडत नाहीं, हें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण, पण सर्वांत फलदायी शिक्षण होय.

१५७५ च्या ज्युबिली वर्षींच, १५ जुलै रोजीं, पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं ओरेटरीच्या मंडळीस रीतसर मान्यता देऊन सान्ता मारिया इन् वाल्लिचेल्ला हें मंदिर दिलें. त्या जागीं मोठें नवें मंदिर उभारण्यांत आलें. १५८३ सालीं फिलिप तेथें राहावयास गेले. कार्डिनलपद त्यांनीं हंसत हंसत नाकारलें. लोकांनीं आपणांस साधु म्हणूं नये म्हणून ते मुद्दाम चमत्कारिक वेष करीत, दाढी अर्धीच कापून बाहेर पडत. ता. २६ मे १५९५ रोजीं, ख्रिस्तदेहाच्या सणाचा दिवस मावळल्यावर मध्यरात्रीनंतर, त्यांनीं प्राण ठेविला. आदल्या दिवशीं नेहमीप्रमाणें मिस्साबलि अर्पून ते पापनिवेदन ऐकावयास बसले होते. वय एक कमी ऐंशी होतें.

ता. १२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं फिलिप ह्यांस संतपद दिलें. त्याच दिवशीं, त्याच वेदीसमोर, हिंदुस्थानचे प्रेषित फ्रान्सिस झेवियर ह्यांसहि संतपद मिळालें. ज्यांचीं पत्रें वाचून हिंदुस्थानाची ओढ लागली होती, त्यांच्याच शेजारीं ते वेदीवर विराजमान झाले. एवढ्यानेंच ही कथा पुरी होत नाहीं. पुढें जुन्या गोव्यांत पवित्र क्रुसाच्या टेकडीवर कांहीं गोमंतकीय धर्मगुरु एकत्र राहूं लागले. १६८५ सालीं बाणावलीचे जोसेफ वाझ त्यांस मिळाले, आणि ह्या मंडळीनें संत फिलिप ह्यांच्या ओरेटरीचा नियम स्वीकारला. १६८७ सालीं जोसेफ वाझ मजुराच्या वेषानें लंकेंत उतरले. तेथें छळांत लपून राहिलेल्या ख्रिस्ती जनांस त्यांनीं सांवरलें, देवीच्या सांथींत कँडी येथें सर्व धर्मांच्या रोग्यांची शुश्रूषा केली, आणि १७११ सालीं तेथेंच देह ठेविला. ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांस संत म्हणून जाहीर केलें. फिलिप हिंदुस्थानांत आले नाहींत. पण त्यांचा अग्नि आला, आणि तो आमच्याच मातींतील माणसांच्या हृदयांत पेटला.

ज्युबिलीच्या दिवशीं आपण मंदिर शृंगारतों, वाद्यें वाजवितों, पूर्वजांची आठवण काढतों. हें सर्व योग्यच आहे. परंतु संत फिलिप ह्यांनीं पाळलेल्या ज्युबिलींत थकलेल्या पाहुण्याचे पाय धुण्यास पहिला मान होता, आणि त्यांच्या उन्हाळ्यांत मुलांच्या खेळाइतकेंच रोग्याच्या अंथरुणाला स्थान होतें. शाळा पुन्हां उघडण्यापूर्वीं आपल्या मुलांनीं एखाद्या एकाकी म्हाताऱ्याच्या दारीं पाण्याची घागर पोंचविली, आणि परततांना मंदिरासमोरील झाडाखालीं बसून एक भजन म्हटलें, तर संत फिलिप ह्यांचा मेळा आपल्या धर्मग्रामांतहि भरला असें म्हणतां येईल. तेवढें भाग्य प्रभु आपणांस देवो, आणि संत फिलिप नेरी आपणां सर्वांसाठीं विनंति करोत.