थिबा राजाचा पांढरा हत्ती आणि कळपाचे विज्ञान

रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्यांना एवढे ठाऊक असते की ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इथे तीस वर्षे नजरकैदेत होता. या राजाच्या आयुष्यात हत्तीला किती मोठे स्थान होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याच्या घराण्याची पदवी हत्तीवरून आलेली होती. त्याचे राज्य गेले, त्याचे निमित्त हत्तींनी ओढून आणलेले सागवान ठरले. त्याच्या राजवाड्यात हत्ती ज्या थाटात आणि ज्या एकटेपणात ठेवला जात होता, त्यातली चूक जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना समजायला पुढे शंभर वर्षे लागली. आणि ती समजली, ती बऱ्याच अंशी त्याच्याच देशातल्या कामकरी हत्तींच्या नोंदींमुळे.

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी मंडाले येथे झाला. मिंडॉन राजाच्या अनेक पुत्रांपैकी तो एक. त्याचे शिक्षण बौद्ध विहारात झाले आणि पाली ग्रंथांचा त्याने चांगला अभ्यास केला होता. गादीवर येणाऱ्यांत त्याचे नाव पुढे नव्हते. १८७८ मध्ये मिंडॉन आजारी पडला, तेव्हा त्याची एक प्रभावी राणी सिनब्यूमाशिन हिने सूत्रे हलवून थिबाला गादीवर बसवले आणि आपली मुलगी सुपायालत त्याला दिली. सिनब्यूमाशिन या नावाचा अर्थच पांढऱ्या हत्तींची स्वामिनी असा आहे. त्या वेळी थिबा अवघा एकोणीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी गादीचे संभाव्य वारसदार असलेल्या राजघराण्यातील सुमारे ८० जणांची हत्या झाली. या रक्तपाताचा डाग थिबाच्या नावावर कायमचा राहिला.

ब्रह्मदेशाचे राजे स्वतःला पांढऱ्या हत्तींचे स्वामी म्हणवत. गौतम बुद्धाच्या जन्मापूर्वी महामायेला स्वप्नात पांढरा हत्ती दिसला, ही कथा बौद्ध जगात सर्वत्र रुजलेली आहे. त्यामुळे असा हत्ती दरबारी असणे म्हणजे राजाच्या पुण्याईचा पुरावा, असे मानले जाई. प्रत्यक्षात हा प्राणी दुधासारखा पांढरा नसतो. कातडीतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचे प्रमाण कमी असल्याने त्याचा रंग फिकट तपकिरी ते गुलाबीसर दिसतो आणि अंगावर पाणी पडले की तांबूस छटा उठून दिसते. डोळ्यांची बुबुळे, पापण्यांचे केस आणि पायाची नखे फिकट असतात. बहुतेक पांढरे हत्ती पूर्णपणे वर्णहीन नसतात. राजाचे पारखी याच खुणा तपासून हत्ती पांढरा की साधा, हे ठरवत.

एकदा पांढरा ठरला की त्याचे आयुष्य बदलून जाई. मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात त्याला स्वतंत्र निवासस्थान होते. डोक्यावर छत्र, सोन्याची भांडी, दिमतीला अधिकारी आणि खर्चासाठी नेमून दिलेला महसूल, असा सगळा थाट असे. पांढरे पिल्लू सापडले तर त्याला पाजण्यासाठी स्त्रिया रांगेने येत, असे वर्णन त्या काळच्या लेखकांनी केले आहे. भक्ती म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण हत्तीच्या पिल्लाला दिवसाला दहा लिटरच्या आसपास दूध लागते आणि त्या दुधाची घडण माणसाच्या दुधापेक्षा वेगळी असते. शिवाय पिल्लू आईकडून फक्त दूधच घेत नाही. काय खावे, सोंड कशी वापरावी, कळपातल्या मोठ्यांशी कसे वागावे, हे ते आई, मावश्या आणि आजीच्या सहवासात शिकते. राजवाड्यातल्या हत्तीला सोने मिळाले, कळप मिळाला नाही.

हत्तींचा कळप हे मुळात बायकांचे कुटुंब असते. सर्वात वयस्क आणि अनुभवी हत्तीण त्याची प्रमुख असते. तिच्या मुली, नाती आणि लहान पिल्ले एकत्र राहतात. नर वयात आले की कळप सोडतात आणि पुढे प्रजननाच्या काळात माद्यांजवळ येतात. आशियाई हत्तीण साधारण २० ते २२ महिने गाभण असते आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचे अंतर पडते. तिचे ऋतुचक्र सुमारे चार महिन्यांचे असते आणि त्यात गर्भधारणेची संधी मोजके दिवसच येते. त्या दिवसांत योग्य नर जवळ नसेल तर संधी हुकते. म्हणून एकट्या ठेवलेल्या हत्तीचा वंश वाढत नाही. राजांनाही दर पिढीला नवा हत्ती जंगलातूनच पकडून आणावा लागे.

थिबाच्या राज्यात हत्ती ठेवण्याची दुसरीही एक रीत होती. सागवानाच्या जंगलात ओंडके ओढणारे हत्ती दिवसा काम करत आणि संध्याकाळी पुढच्या पायांत सैलसर बेडी अडकवून त्यांना रानात सोडले जाई. रात्रभर ते आपल्या आवडीचा पाला, बांबू आणि गवत खात, इतर हत्तींबरोबर फिरत. जंगली नर त्यांच्यात येत, त्यातून पिल्ले होत. सकाळी माहूत गळ्यातल्या लाकडी घंटेच्या आवाजावरून आपला हत्ती शोधून आणी. पिल्लू आईच्या मागे मागेच वाढे आणि चार-पाच वर्षांचे झाल्यावर त्याचे शिक्षण सुरू होई. काम कष्टाचे होते आणि शिकवण्याची पद्धतही कठोर होती. तरीही या हत्तींना कळपाचा सहवास, चालणे आणि जोडीदार या तीन गोष्टी मिळत होत्या.

याच सागवानावरून थिबाचे राज्य गेले. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशात सागवान तोडून नेत असे. पैसे भरले त्यापेक्षा कितीतरी अधिक ओंडके नेल्याचा आरोप ठेवून १८८५ मध्ये थिबाच्या मंत्रिमंडळाने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांशी वाढत चाललेल्या थिबाच्या मैत्रीने ब्रिटिश आधीच अस्वस्थ होते. त्यांना दंडाचे हे निमित्त पुरेसे झाले. नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टचे सैन्य इरावतीतून बोटींनी वर आले आणि दोन आठवड्यांच्या आत मंडाले पडले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबा आणि सुपायालत यांना राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले. हत्तीवरून मिरवणाऱ्या राजाला नदीवरच्या बोटीपर्यंत साध्या बैलगाडीतून नेले, हे पाहून रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक रडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत राजवाड्यातला पांढरा हत्तीही मेला आणि त्याचे धूड ओढत बाहेर नेण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी, थिबाच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, त्याचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याची घोषणा झाली.

थिबाचे नाव तोवर हत्तीमुळे पाश्चात्त्य देशांतही पोहोचले होते. अमेरिकेतील सर्कसवाला पी. टी. बार्नम याने ब्रह्मदेशातून तुंग तालुंग नावाचा पांढरा हत्ती मिळवला आणि तो थेट थिबा राजाकडून घेतल्याची जाहिरात केली. १८८४ च्या सुरुवातीला हा हत्ती काही काळ लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता. पाहायला गर्दी लोटली आणि बहुतेकांची निराशा झाली, कारण गुलाबी ठिपके सोडले तर तो करडाच होता. बार्नमच्या एका स्पर्धकाने तर साधा हत्ती रंगवून पांढरा म्हणून दाखवला. बार्नमचा हत्ती १८८७ मध्ये सर्कसच्या हिवाळी तळाला लागलेल्या आगीत मेला. त्या काळी पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालये आणि सर्कशी हत्ती ठेवत त्या असे एक-दोन, पकडून आणलेले, साखळीला बांधलेले. हत्ती मेला की दुसरा मागवायचा, हाच शिरस्ता होता.

थिबाला आधी मद्रासला ठेवून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होई. पदच्युत राजाला ठेवायला सरकारला अशीच जागा हवी होती. सुरुवातीची चोवीस वर्षे राजकुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिले. १९१० मध्ये आज थिबा पॅलेस म्हणून ओळखला जाणारा राजवाडा बांधून झाला. कुटुंबाला घर, तनखा, नोकरचाकर आणि वैद्यकीय मदत होती. बाहेर जाण्यावर आणि भेटीगाठींवर मात्र सरकारचा पहारा असे. चारही राजकन्या इथेच वाढल्या. त्यांच्यासाठी राजघराण्यातील योग्य वर शोधण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे सरकारी कागदांत फिरत राहिला आणि थिबाच्या हयातीत त्यांपैकी एकीचेही लग्न होऊ शकले नाही. थोरल्या राजकन्येला राजवाड्यावरच्या एका मराठी सेवकापासून मुलगी झाली. राजाची ही नात रत्नागिरीतच वाढली आणि तिचे बहुतेक आयुष्य याच गावात गेले.

डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी थिबाचे निधन झाले. मायदेशी परतण्याची त्याची इच्छा पुरी झाली नाही. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. सुपायालतला १९१९ मध्ये रंगूनला जाऊ देण्यात आले. १९२५ मध्ये ती तिथे वारली.

थिबाच्या मृत्यूनंतरही त्याच्या देशातल्या जंगलांत सागवान ओढणाऱ्या हत्तींच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. प्रत्येक हत्तीचा जन्म किंवा पकडल्याचे वर्ष, आई, पिल्ले, आजार आणि मृत्यू वहीत लिहिला जाई. या वह्यांनीच पुढे शास्त्रज्ञांना तुलनेचे साधन दिले. २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातील प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तिणींची तुलना म्यानमारच्या कामकरी हत्तिणींशी करण्यात आली. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यमान आयुष्य सुमारे १९ वर्षे भरले, तर म्यानमारमधल्या हत्तिणींचे सुमारे ४२ वर्षे. एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यात हलवल्यानंतर हत्तींच्या मृत्यूचा धोका वाढतो, हेही त्यात दिसले. आयते खाणे आणि पशुवैद्य हाताशी असूनही हे घडत होते.

२०१६ मध्ये म्यानमारच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. विशीच्या आतल्या हत्तिणीची आई तिच्याच तळावर असेल, तर त्या पिल्लाच्या मृत्यूचा धोका आठपटीने कमी असतो. २०१८ मध्ये पाच हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जंगलातून पकडून आणलेले हत्ती माणसाच्या ताब्यात जन्मलेल्या हत्तींपेक्षा सरासरी काही वर्षे कमी जगतात, असे आढळले. पकडण्याचा आणि कळपापासून तुटण्याचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो.

प्राणिसंग्रहालयांतील प्रजननाची अडचणही यातूनच उलगडली. पंचविशी-तिशीपर्यंत एकदाही पिल्लू न झालेल्या हत्तिणीचे ऋतुचक्र अनेकदा मंदावते आणि गर्भाशयात गाठी होतात. माजावर आलेला नर सांभाळणे धोक्याचे, म्हणून कित्येक ठिकाणी नर ठेवतच नसत. हत्तिणीच्या रक्तातील संप्रेरके मोजून योग्य दिवस ओळखता येऊ लागले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत कृत्रिम रेतनातून आशियाई हत्तीचे पहिले पिल्लू जन्मले. पण जन्म देऊन प्रश्न सुटत नाही. एका जातीचा नागीण विषाणू लहान पिल्लांना काही तासांत किंवा दिवसांत मारू शकतो. कळपात बाळंतपण कधी पाहिलेच नसेल, तर तरुण हत्तीण स्वतःच्या पिल्लाला घाबरते किंवा त्याच्यावर हल्ला करते.

म्हणून चांगली प्राणिसंग्रहालये आता आजी, आई आणि मुलगी यांना एकत्र ठेवतात, माद्यांना दुसरीकडे पाठवणे टाळतात आणि नर बदलत राहतात. जवळच्या नात्यात संकर होऊ नये म्हणून प्रत्येक हत्तीची वंशावळ नोंदलेली असते. पायांचे आजार कमी व्हावेत म्हणून सिमेंटऐवजी वाळूची जमीन देतात. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालये आणि सर्कशींतील हत्ती मोकळ्या जागेच्या हत्ती छावण्यांत हलवण्याचे निर्देश दिले, कारण हत्तीला चालायला मैलोगणती जागा लागते. २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातला नेली, तेव्हा गावकऱ्यांचे प्रेम आणि हत्तिणीचे आरोग्य या दोन्ही बाजूंनी महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली. त्या चर्चेतही प्रश्न जुनाच होता. प्रेमाने सांभाळलेला, पण एकटा हत्ती निरोगी राहू शकतो का?

मंडालेच्या राजवाड्यात या प्रश्नाला सोन्याच्या ताटाने उत्तर दिले गेले. राजवाड्याबाहेरच्या जंगलात मात्र कष्टकरी हत्तीण दिवसभर ओंडके ओढून रात्री आपल्या आईच्या आणि पिल्लाच्या सोबतीला जात होती. पुढच्या पिढ्या जगल्या, त्या तिच्या.