खुब्याचा कारागीर : सर जॉन चार्नली

आमच्या कड्याला खुबा गेला म्हणजे माणूस कायमचा खाटेला लागला, अशीच समजूत आहे. माझे थोरले चुलते, तात्या, वीस वर्षे ऊसतोडीला गेले. त्यांचा उजवा खुबा झिजला. उचल फेडून झाली नव्हती, तरी कर्ज काढून कृत्रिम सांधा बसवला. वर्षभर तात्या चालले, आणि मग व्रणातून पू येऊ लागला. दवाखान्याच्या ओसरीत बसून मला प्रश्न पडला, हा सांधा पहिल्याने घडवला कोणी? त्या शोधात मला जॉन चार्नली भेटले.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी या गिरण्यांच्या गावी झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. १९३५ साली मँचेस्टरला ते डॉक्टर झाले. महायुद्धात सैन्यात राहिले. १९४६ साली हाड कसे जुळते हे पाहण्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्याच नडगीचा तुकडा काढून पुन्हा बसवून घेतला. जखम चिघळली, हाडात पू झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. संसर्ग काय असतो हे त्यांना पुस्तकाआधी पायाने शिकवले.

पुढे रायटिंग्टनच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी खुब्याचे काम उभारले. मांडीच्या हाडाला पोलादी गोळा आणि कमरेच्या हाडात गुळगुळीत वाटी, अशी त्यांची रचना होती. दोन्ही भाग दातांच्या डॉक्टरांकडील अॅक्रिलिक सिमेंटने पक्के बसवत. वाटी आधी टेफ्लॉनची केली. काही वर्षांत ती झिजली आणि शेकडो रुग्णांचे सांधे निकामी झाले. चार्नलींनी चूक लपवली नाही. ते सांधे स्वतः पुन्हा उघडले. टेफ्लॉन शरीरात काय करते हे पाहायला त्याचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले. नंतर त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी, साहेबांनी नाकारलेले एक प्लॅस्टिक त्यांच्या गैरहजेरीत यंत्रावर घासून पाहिले. ते झिजेना! नोव्हेंबर १९६२ पासून त्याच पॉलिएथिलीनच्या वाट्या बसू लागल्या.

पण सांधा टिकला तरी पू टळेना. सुरुवातीला शंभरात सात-आठ रुग्णांना संसर्ग होई. जंतू हवेतून उतरतात हे ओळखून चार्नलींनी गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली केली आणि शस्त्रवैद्यांचा श्वासही नळीने बाहेर नेणारा पोशाख तयार केला. संसर्ग शंभरात एकाच्याही खाली आला. १९७७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी ते वारले.

तरी संसर्ग पुरता संपलेला नाही. जंतू धातूवर चिकट थर धरतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणून सांध्यातले पाणी सुईने काढून जंतू कोणता ते शोधतात. पू जुना असेल तर बहुधा सांधाच काढून तिथे प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट ठेवतात, अनेक आठवडे औषध देतात आणि जंतू गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसवतात.

तात्यांच्या खुब्यात आज ते सिमेंट आहे. नवा सांधा बसेल की नाही, हे पुढच्या तपासणीत कळेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कागद वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असते. परवा तात्यांना चार्नलींच्या नडगीची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, की त्या डॉक्टरचा पाय पुढे बरा झाला का? झाला, असे मी सांगितले, आणि ते खरे होते. त्या रात्री तात्यांनी बऱ्याच दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.