पाण्याला भिणाऱ्या मदर

आजचं वाचन : अनुवाद १०:१८-१९



आजच्या वचनात देव इस्राएलला परक्यांवर प्रीती करायला सांगतो. कारण काय? तर मिसर देशात तेही एकेकाळी परकेच होते. हे वाचताना मला मदर काब्रिनी आठवल्या.

फ्रान्सेस्का काब्रिनी १८५० साली इटलीतल्या लोम्बार्डीत, एका शेतकरी घरात जन्मली. तब्येत नाजूक. लहानपणी एकदा नदीत पडली आणि पाण्याची भीती बसली ती कायमची. सिस्टर व्हायचं होतं, पण तब्येत बघून मठाने घेतलं नाही. शेवटी १८८० मध्ये कोदोन्यो इथे तिने स्वतःच नवा संघ सुरू केला.

मदरना जायचं होतं चीनला. पोप लिओ तेरावे यांनी त्यांना अमेरिकेला पाठवलं. इटलीतली गरीब माणसं तेव्हा पोटासाठी तिकडे लोटत होती. भाषा येत नाही, मजुरी तुटपुंजी, आजारी पडलं तर विचारणारं कोणी नाही.

पाण्याला भिणाऱ्या मदर बोटीत बसल्या. ३१ मार्च १८८९ ला सहा सिस्टरांसह न्यूयॉर्कला उतरल्या, तर राहायला घरच तयार नव्हतं! पहिली रात्र ढेकणांच्या खोलीत बसून काढली. आर्चबिशपनी परत जायला सुचवलं. त्या राहिल्या.

मग दारोदार मदत मागून अनाथ मुलांसाठी घर उभं केलं, पुढे हॉस्पिटल. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियन माणसांना ठार मारलं. पुढच्याच वर्षी मदर त्या शहरात कामाला पोचल्या. वीसहून जास्त वेळा त्यांनी अटलांटिक ओलांडला, ६७ संस्था उभ्या केल्या. १९०९ मध्ये त्या स्वतः अमेरिकेच्या नागरिक झाल्या. २२ डिसेंबर १९१७ ला शिकागोत त्यांचं निधन झालं. आदल्या दिवशी त्या मुलांसाठी नाताळचा खाऊ बांधत होत्या. १९५० मध्ये चर्चने त्यांना स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केलं.

खरं सांगू? मी या शहरात नवीन आले तेव्हा पगार व्हायचा होता. डबा देणाऱ्या मावशींनी महिनाभर पैशाचं नावही काढलं नाही. त्याबद्दल मी प्रार्थनेत देवाचे खूप आभार मानले. पण आमच्या बिल्डिंगचा वॉचमन कुठल्या गावचा, घरी त्याचं कोण कोण आहे, हे तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. काल विचारलं. तो बराच वेळ बोलत होता.

तुम्हाला नवीन असताना कोणी सांभाळलं? आज ते नाव घेऊन देवाचे आभार माना. आणि मग आपल्या दाराशी कोण नवीन आलंय, ते बघा.

प्रभू, आम्हीही कधी परके होतो, हे विसरू देऊ नकोस. आमेन.