प्रार्थना कीटकांचा भटारखाना

प्रार्थना कीटक पाळायचा तर दोन संसार चालवावे लागतात. एक त्याचा, दुसरा त्याच्या भक्ष्याचा. समोर काही हलले तरच त्याचे काटेरी पुढचे पाय झेपावतात, त्यामुळे त्याला रोज जिवंत आणि बेताच्या आकाराचे किडे पुरवावे लागतात. आज हौशी लोकांना परदेशात फळमाश्या आणि रातकिडे डब्यांतून विकत मिळतात. सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधल्या एका माजी शिक्षकाने हाच भटारखाना पाव आणि खरबुजाच्या फोडींवर चालवला होता.

झाँ-आंरी फाब्र यांचा जन्म २१ डिसेंबर १८२३ रोजी सें-लेओं या खेड्यात गरीब घरात झाला. शिक्षकी पत्करून त्यांनी कार्पांत्रास, कॉर्सिका बेटावरील आजाक्सिओ आणि मग आव्हिन्यों इथे विज्ञान शिकवले. रेशीमकिड्यांच्या रोगाने फ्रान्समधला रेशीमधंदा बुडत असताना, १८६५ मध्ये, लुई पाश्चर त्यांच्याकडे आले. कोश हलवून पाहिल्यावर आत काहीतरी आहे याचेच पाश्चर यांना नवल वाटले. रोगाचा छडा लावायला निघालेल्या माणसाला किड्याची प्राथमिक माहितीही नव्हती, याची फाब्र यांना गंमत वाटली आणि त्या धाडसाचे कौतुकही.

पुढे मोफत संध्यावर्गात त्यांनी मुलींना फुलांचे परागण समजावून सांगितले. त्यावर गावातल्या सोवळ्या मंडळींनी गदारोळ केला. १८७० मध्ये राहते घर सोडावे लागले आणि तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी उसन्या दिलेल्या पैशांवर बिऱ्हाड हलले. मग बरीच वर्षे पाठ्यपुस्तके लिहून गुजराण झाली. १८७९ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, सेरिन्याँ गावाजवळ त्यांनी दगडगोट्यांची पडीक जमीन घेतली. पिकाला निरुपयोगी अशा रानाला तिथल्या बोलीत ‘आर्मास’ म्हणतात. तेच त्यांच्या घराचे नाव झाले, आणि प्रयोगशाळाही तीच.

प्रोव्हान्सचे शेतकरी या कीटकाला देवाची प्रार्थना करणारा म्हणून ओळखत. फाब्र यांनी ऑगस्टच्या उत्तरार्धात पोटुशा माद्या गोळा केल्या. वाळू भरलेल्या मातीच्या पसरट भांड्यांवर तारेच्या जाळीची घुमटाकार झाकणे घातली. आत चढायला सुक्या थाइमचे झुडूप आणि अंडी घालायला एक सपाट दगड, एवढेच सामान.

निवारा सोपा होता, खाणे अवघड. माद्यांची भूक दांडगी, त्यात पिंजऱ्यात त्या उधळपट्टी करत. चार घास खायचे आणि टोळ टाकून द्यायचा. फाब्र यांच्या मते हा बंदिवासाचा कंटाळा होता. जवळजवळ रोज नवा साठा लागे, म्हणून त्यांनी शेजारची लहान मुले कामाला लावली. ती सकाळ-संध्याकाळ गवतात हिंडून टोळ आणि नाकतोडे जिवंत धरून आणत आणि बदल्यात पावाचे तुकडे व खरबुजाची फोड घेऊन जात. खास शिकार मात्र फाब्र स्वतः जाळे घेऊन आणत.

ही खास शिकार निवडण्यामागे हेतू होता. माद्यांची ताकद कुठवर जाते हे त्यांना पाहायचे होते. म्हणून त्यांनी माद्यांहून मोठे करडे टोळ, मजबूत जबड्यांचे डेक्टिकस आणि दोन जातींचे मोठे कोळीसुद्धा आत सोडले. मोठा टोळ समोर आला की मादी पंख उभारून भुतासारखी ताठ व्हायची, आणि पकडल्यावर आधी मानेच्या मागे चावा घ्यायची. तिथले मज्जातंतू तुटले की भक्ष्याची धडपड थांबते, हे फाब्र यांनी नेमके टिपले. बारीक भक्ष्यासाठी ती एवढा खटाटोप करत नसे. आजचे पाळणारे मात्र अशी परीक्षा घेत नाहीत, आणि तेच बरे. प्रार्थना कीटक कात टाकताना मऊ आणि असहाय असतो. पिंजऱ्यात उरलेला भुकेला रातकिडा तेव्हा त्यालाच कुरतडू शकतो.

एका मादीने दोन आठवड्यांत सात नर फस्त केल्याचीही त्यांनी नोंद केली. अन्न भरपूर असूनही हे घडते, म्हणजे हा तिचा स्वभावच, असे त्यांना वाटले. नंतरच्या प्रयोगांतून चित्र थोडे बदलले. मादी उपाशी असली की नर खाल्ला जाण्याची शक्यता वाढते, आणि बंद जागेत नराला पळायला वाव नसतो.

खरी हार झाली ती पिल्लांच्या बाबतीत. अंड्यांच्या कोशांतून शेकडो पिल्ले बाहेर आली. एकेकाची लांबी सेंटीमीटरभरही नाही. त्यांच्यापुढे फाब्र यांनी गुलाबावरचा कोवळा, हिरवा मावा ठेवला. शिवला नाही. गवतातून जाळे फिरवून धरलेली चिलटे दिली. नको. माशीचे तुकडे जाळीला टांगले, तेही नको. बरीच शोधाशोध करून नुकते जन्मलेले टोळ आणले, तर पिल्ले घाबरून पळाली. शेवटी लेट्यूसची कोवळी पाने आणि लव्हेंडरवर मधाचे थेंबही देऊन पाहिले. सगळी पिल्ले उपासमारीने मेली.

फाब्र यांनी हे अपयश १८९७ मध्ये ‘सुव्हनीर आंतोमोलोजिक’ या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात सविस्तर मांडले. पिल्लांना सुरुवातीला काही वेगळाच आहार लागत असावा, अशी शंका त्यांनी घेतली. तिला आधार होता. मेलोई भुंगेऱ्याच्या अळ्यांनी त्यांना असेच दमवले होते आणि शेवटी त्यांचा पहिला घास म्हणजे मधमाशीचे अंडे निघाले होते. इथे मात्र शंका चुकीच्या वाटेने गेली. प्रार्थना कीटकाचे पिल्लू जन्मापासून शिकारीच असते. पहिला दिवस-दोन दिवस ते बहुधा खात नाही. मग त्याला पाण्याचे तुषार आणि सतत हलणारे, त्याच्या पायांत मावेल असे भक्ष्य लागते. मावा झाडाला चिकटून बसतो, माशीचा तुकडा तर हलतच नाही.

या कामी आज सर्वाधिक वापरली जाते ती पिकल्या फळांवर घोंगावणारी फळमाशी. शास्त्राने तिला १८३० मध्ये नाव दिले, तेव्हा फाब्र सहा वर्षांचे होते. १९१० मध्ये न्यू यॉर्कमध्ये टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत तिचा खुरट्या पंखांचा, उडू न शकणारा प्रकार सापडला. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी बाटल्यांत केळ्यावर वाढवलेल्या अशा माश्या पुढे पिल्लांना भरवण्यासाठी सोयीच्या ठरल्या. उडत नाहीत, पण चालत राहतात.

त्या वर्षी फाब्र शहाऐंशी वर्षांचे होते. ग्रंथमालेचा दहावा खंड तीन वर्षांपूर्वीच संपला होता, आणि आयुष्यभर आर्थिक ओढाताण सोसलेल्या या माणसाचा सेरिन्याँमध्ये जाहीर सत्कार झाला. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी त्यांचे आर्मासमध्येच निधन झाले. ते घर आता संग्रहालय आहे.